चेंडू परत देणारी भिंत

जमलेल्या निधीतून शाळेसाठी कायमस्वरूपी काय उभारावे, असा प्रश्न स्मरणिका समितीने आम्हा माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवला आहे. अनेकांचा कल प्रवेशद्वारावरील कमानीकडे दिसतो. कमानीस आमचा विरोध नाही. तथापि मैदानावर मुलांना चेंडू खेळण्यासाठी एक स्वतंत्र, दोन्ही अंगांनी मोकळी भिंत आधी बांधावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वसतिगृहातील संध्याकाळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. मैदान मोठ्या मुलांच्या क्रिकेटने व्यापलेले असते. जूनमध्ये नव्याने आलेले, घरच्या आठवणीने व्याकूळ झालेले पाचवीचे मूल कडेला उभे असते. मुलीही बहुधा कडेलाच असतात. संघात कोणाला घ्यावयाचे, हे ज्याची बॅट तो ठरवितो. भिंतीपुढे मात्र निवड होत नाही. मारलेला चेंडू ती प्रत्येकाला परत देते आणि चुकल्यास हसत नाही.

खेळात 'घेणे' आणि 'न घेणे' यांचा अर्थ आपल्या समाजाइतका कोणाला ठाऊक असेल? बाळू पालवणकर पुण्याच्या जिमखान्यावर गोऱ्या खेळाडूंना तासन्‌तास चेंडू टाकीत; परंतु फलंदाजीची संधी त्यांना तेथे कधी मिळाली नाही. पुढे हिंदू संघात आल्यावरही त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रातून येई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही; ते 1923 मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व पराभूत झाले, हे आपल्यापैकी काहींना आजही खटकते. त्यामुळे त्यांची गोलंदाजी उणी ठरत नाही.)

ब्रह्मजाल सुत्तात वर्ज्य खेळांची यादी आहे, असा आक्षेप एका ज्येष्ठ उपासकांनी आमच्याशी बोलताना घेतला. यादी आहे, हे खरे. पण ती भिक्खूंच्या आचरणासंबंधी आहे, वसतिगृहातील दहा वर्षांच्या मुलांसाठी नाही.

वर्गाच्याच भिंतीवर खेळू द्यावे, ही सूचना स्वस्त आहे, पण काचा फुटतात, गिलावा सुटतो आणि आत अभ्यास करणाऱ्यांना त्रास होतो. भिंत स्वतंत्रच हवी. मात्र आधाराविना उभी राहणारी भिंत ही कुंपणाची भिंत समजून गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याने काय केले ते आपण पाहिले आहे. भोवतालची जमीन भातशेतीची. पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदकाम, आर.सी.सी. पाया आणि ठरावीक अंतरावर खांब, हे सारे अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणेच व्हावे. खांब गावच्या शाळेला खांबांचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागू नये! दहा फूट उंची व तीस फूट लांबी पुरेशी होईल. नुसता जांभा ठेवल्यास चेंडू वेडावाकडा उसळेल, तेव्हा दोन्ही अंगांना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा हवा. माथा उतरता असावा, म्हणजे त्यावर कोणी बसणार नाही. पुढे पंधरा फुटांचा, पाणी वाहून जाईल असा काँक्रीटचा ओटा असल्यास पावसाने उसंत दिली की चिखलाची वाट न पाहता खेळता येईल. भिंत पूर्व-पश्चिम धरावी. मावळता सूर्य कोणाच्याच डोळ्यांवर येणार नाही. चुकलेला चेंडू मुंबई-गोवा महामार्गाकडे धावणार नाही, अशीच जागा निवडावी. एक अंग मुलींसाठी व लहानांसाठी राखून ठेवावे आणि तो नियम मोडू देऊ नये.

आता सर्वांत अवघड मुद्दा. या भिंतीवर काहीही रंगवू नये. तथागतांची वा बाबासाहेबांची प्रतिमा नको, कारण तिच्यावर दिवसभर चेंडू आदळतील. अशोकचक्र नको. देणगीदारांची नावेही नकोत. ती कार्यालयातील फलकावर लिहावीत. कमानीवर नाव कोरले जाते, भिंतीवर नाही, म्हणून कमानीला वर्गणी लवकर जमते, हे आम्ही जाणून आहोत. दान पारमितेवर आपण व्याख्याने पुष्कळ ऐकतो. येथे तिचा प्रसंग आला आहे. भिंतीवर फक्त जमिनीपासून तीन फुटांवर जाळ्याची एक पांढरी रेघ आणि तीन यष्ट्या असाव्यात.

पायाचे काम दिवाळीनंतर घेतल्यास गिलाव्याला पाणी मारण्यास पुरेसे दिवस मिळतात आणि बुद्ध पौर्णिमेपर्यंत भिंत तयार होऊ शकते. सोबत दरवर्षी दोन डझन टेनिसच्या चेंडूंची तरतूद करावी व ते कुलुपाच्या कपाटात न ठेवता व्हरांड्यातील टोपलीत ठेवावेत. काही हरवतील. पहिल्या वर्षीचे चेंडू आमच्या तुकडीकडून.