मधुमेहाची औषधे स्वस्त, उपचारांचे काय?

(विशेष प्रतिनिधी)

इन्शुलिनचा शोध लावणाऱ्या टोरांटोतील संशोधकांनी १९२३ मध्ये त्याचे पेटंट तेथील विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरच्या मोबदल्यात देऊन टाकले. प्राण वाचविणारे औषध कोणा एकाची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. शंभर वर्षांनंतर मधुमेहाच्या नव्या औषधांबाबत तोच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे आणि भारताइतका त्याच्याशी निगडित असलेला देश क्वचितच असेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून, आणखी १३ कोटी ६० लाख जण या विकाराच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले.

पेटंट संपताच किमती खाली

याच रुग्णांसाठी गेली दोन दशके संशोधनाच्या दृष्टीने फलदायी ठरली. लघवीवाटे जादा साखर बाहेर टाकणारी ‘एम्पाग्लिफ्लोझिन’सारखी औषधे हृदय आणि मूत्रपिंड यांनाही संरक्षण देतात, असे चाचण्यांत दिसून आले. या औषधाचे भारतातील पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले. त्यापूर्वी सुमारे ६० रुपयांना मिळणारी गोळी काही देशी कंपन्यांनी दहा रुपयांच्याही आत बाजारात आणली.

‘सेमाग्लुटाइड’ची कथा याच वळणाने जाणारी आहे. आतड्यातील ‘जीएलपी-१’ या संप्रेरकाप्रमाणे काम करणारे हे औषध साखर नियंत्रणात ठेवते, भूक मंदावते आणि वजनही घटविते. त्याच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. याच धर्तीचे ‘टिर्झेपॅटाइड’ मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा सर्वांत कमी मात्रेच्या एका कुपीची किंमत साडेतीन हजार रुपये होती. आठवड्याला एक टोचणी, म्हणजे महिन्याला १४ हजार. मध्यमवर्गीयांनाही न झेपणारा हा खर्च पाहता पेटंटमुक्तीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या गटातील औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, तोही याच कारणाने अर्थपूर्ण ठरतो.

पुण्याने दिलेला इशारा

मात्र स्वस्ताईच्या आनंदात एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. वजनात एवढी तफावत असूनही पुण्याच्या बाळांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमतरता होती ती स्नायूंची. वरून सडपातळ, आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय शरीराची ठेवण आहे.

त्याचे दोन अर्थ निघतात. एक, ‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणून तपासणी टाळणे आपल्याकडे धोक्याचे आहे. दुसरा, वजन घटविणाऱ्या औषधांनी चरबीसोबत काही प्रमाणात स्नायूही कमी होतात. मुळातच स्नायू तोकडे असलेल्यांना ती देताना प्रथिनयुक्त आहार, व्यायाम आणि वैद्यकीय देखरेख अपरिहार्य ठरते. औषध स्वस्त होऊन सहज हाती पडू लागले, तर ही देखरेखच आधी सुटण्याची भीती आहे.

आशा आणि वास्तव

पहिल्या प्रकारच्या मधुमेहातही आशेचे किरण दिसत आहेत. मूलपेशींपासून तयार केलेल्या, इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशींचा पूर्ण डोस मिळालेल्या १२ रुग्णांपैकी दहा जणांना वर्षभरानंतर इन्शुलिन घ्यावे लागत नव्हते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. परंतु त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहावी लागतात. त्यामुळे आजच्या मुलांचा आधार अजूनही इन्शुलिन, ते थंड ठेवण्याची सोय आणि रोजच्या तपासणीच्या पट्ट्या हाच आहे. यातील पट्ट्यांचा खर्च बहुतेक पालकांना स्वतःच सोसावा लागतो.

मधुमेहाचा खरा फटका डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांना बसतो, आणि तो बराच काळ जाणवतही नाही. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची व लघवीतील प्रथिनांची तपासणी, पायांच्या संवेदनेची चाचणी आणि ठराविक काळाने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, एवढे नियमित झाले तरी अनेकांची दृष्टी आणि पाय वाचू शकतात. यांपैकी पायांच्या चाचणीला तर महागडे यंत्रही लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित कर्मचारी आणि रुग्णाची नीट ठेवलेली नोंद.

पेटंट संपल्याने गोळीची किंमत आपोआप उतरते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील ही व्यवस्था आपोआप उभी राहत नाही. औषधांवर वाचणारा पैसा शासनाने तपासणी आणि पाठपुराव्याकडे वळविला, तरच या स्वस्ताईचा लाभ औषध दुकानापलीकडे, रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचेल.