लाइन मोठी घेण्यापूर्वी फायरवॉल तपासा

दुकानाचे इंटरनेट मंदावले की आपले बहुतेक व्यापारी बांधव लाइन देणाऱ्या कंपनीशी भांडतात, नाहीतर दरमहा जादा पैसे मोजून मोठी लाइन घेतात. आमच्या मते त्याआधी दुकानातील फायरवॉल तपासली पाहिजे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असे होता कामा नये.

फायरवॉल हा आपले संगणक आणि बाहेरचे जग यांमधील पहारा आहे. कोणी किती बँडविड्थ वापरायची, याचे बंधनही तिच्यात घालता येते. म्हणून तंत्रज्ञाकडून पाच मिनिटांपुरता एकच लॅपटॉप केबलने थेट लाइनीला जोडून वेग मोजून घ्यावा. मग तोच लॅपटॉप फायरवॉलच्या मागे जोडून मोजावा. दोन्हीकडे वेग कमी असेल तर कंपनीकडे तक्रार करावी. फक्त मागे कमी असेल तर खोट घरातच आहे.

आकडा दरवेळी एकाच जागी अडत असेल तर बहुधा जुना नियम आड येतो. लाइन ५० एमबीपीएसची असताना घातलेली ४५ ची मर्यादा, लाइन २०० ची झाल्यावरही कोणी काढत नाही. आकडा ९४-९५ वर अडला तर केबल आणि पोर्ट पाहावे. १००० एमबीपीएसच्या जोडणीला केबलमधील आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरू शकते. १०० मेगाबिटच्या लाइनीवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरत असेल, तर मात्र तक्रार नको. ८ बिटांचा १ बाइट होतो, एवढाच तो फरक आहे.

वेग वर-खाली होत असेल आणि फायरवॉलचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला असेल, तर तपासणीचा भार यंत्राला पेलत नाही. अशा वेळी तपासणीच बंद करण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. कुलूप जड चालते म्हणून कोणी दुकान उघडे टाकून जात नाही. नवी फायरवॉल घेताना खोक्यावरील मोठा आकडा पाहू नये. सर्व तपासण्या चालू असताना वेग किती, हे विचारावे.

मर्यादा मुळात वाईट नाही. कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर पाठवण्यात सारी लाइन अडकली, तर गिऱ्हाईक यूपीआयची पावती येण्याची वाट पाहत उभे राहते आणि माल ई-वे बिलासाठी खोळंबतो. कॅमेऱ्यांना बंधन घालावे, पैशाच्या व्यवहाराला वाट मोकळी ठेवावी आणि एकूण मर्यादा मोजलेल्या वेगाहून थोडी कमी ठेवावी.

मात्र प्रत्येक मर्यादा तारखेसह वहीत लिहिलेली असावी आणि फायरवॉलचा पासवर्ड मालकाच्या हाती असावा. गल्ल्याची किल्ली आपण दुसऱ्याकडे ठेवत नाही. हीही तशीच किल्ली आहे.