जळगावला समुद्र नाही, मग सुरय पक्ष्याची चिंता कशाला?

जळगाव-धुळ्याला समुद्र नाही. पण समुद्रावरच्या कुरव आणि सुरय पक्ष्यांचा एक भाऊबंद तापीवर दिसतो. त्याचे नाव नदी सुरय. पिवळी चोच, विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी आणि दुभंगलेली शेपटी, ही त्याची ओळख.

धोका काय?
हा पक्षी झाडावर घरटे बांधत नाही. साधारण फेब्रुवारी ते मे या काळात, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटावर खळगा करून तो अंडी घालतो. नेमका हाच काळ वाळू उपशाचा आणि धरणांतून आवर्तने सोडण्याचा. ट्रॅक्टरचे एक चाक किंवा फूटभर वाढलेले पाणी त्या वर्षीची वीण संपवू शकते. ‘आययूसीएन’ने ही जात ‘असुरक्षित’ ठरवली आहे.

गणना होते, मग अडते कुठे?
तापी-पूर्णा संगमाजवळचे हतनूर धरण महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत आहे. सागरी सुरयांच्या विणीचे वेंगुर्ला रॉक्सही त्याच यादीत. मात्र आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. तो आकडा हिवाळी पाहुण्यांचा. उन्हाळ्यातली घरटी त्यात येत नाहीत.

उपाय काय?
चंबळकाठी पाणचिरा पक्ष्यासाठी ‘बीएनएचएस’ने गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केले. तापी-गिरणेवरही मार्चपासून बेटांची पाहणी, घरटी सापडल्यास तिथे दोन महिने उपसाबंदी आणि आवर्तनापूर्वी पाटबंधारे विभागाकडून वन विभागाला सूचना, एवढे जमण्यासारखे आहे. वाळूचा लिलाव काढताना घरट्यांच्या बेटाची नोंदही त्याच कागदावर हवी.