‘मदत’ हा शब्द बंद करा!

बरेच दिवस यावर लिहीन लिहीन म्हणत होते. पण आमचं पिल्लू झोपल्याशिवाय कीबोर्डला हात लागत नाही, आणि ते झोपतं तेव्हा मीही आडवी झालेली असते. आज शनिवार. नवरा पिल्लाला घेऊन खाली बागेत गेलाय, म्हणजे पाऊण तास माझा. डोकं तापलेलंच आहे, तेव्हा लिहूनच टाकते.

झालं असं, की गेल्या गुरुवारी आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं आणि नेमका त्याच संध्याकाळी पिल्लाला ताप आला. (वय पावणेदोन. ताप यायला याला रिलीजचाच मुहूर्त बरा सापडतो!) मी कॉलवर अडकलेली, म्हणून नवरा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. अर्ध्या तासात मला तीन फोन. "अगं, याचं वजन किती?" "तापाचं औषध शेवटचं किती वाजता दिलं होतंस?" "लसींची फाईल कुठे ठेवलीयेस?" तिन्ही उत्तरं मी इकडे म्यूट करून दिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्याला गरम थालीपीठ लावून दिलं, "दमला असशील रे." दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "नशीबवान आहेस हो! किती मदत करतो तुझा नवरा." आता आजवरच्या झाडून सगळ्या लसींना पिल्लाला मी नेलंय. कडेवर पोर, खांद्यावर लॅपटॉप, समोर हिंजवडीचा ट्रॅफिक. तेव्हा नवऱ्याला कोणी म्हणालं नाही, की बाबा रे, नशीबवान आहेस!

तर मुद्दा असा, की माझं भांडण नवऱ्याशी नाही (म्हणजे होतं, ते झालं). माझं भांडण ‘मदत’ या शब्दाशी आहे.

रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली आणि आपण धक्का मारला, तर ती मदत. स्वतःच्या पोराला डॉक्टरांकडे नेणं ही मदत कशी काय? हापिसच्या भाषेत सांगायचं तर तिकीट माझ्या नावावर आहे आणि तो सवड मिळाली की त्यातलं एखादं काम उचलतो. ते झालं की टाळ्या. पण डायपर संपत आलेत, नखं वाढलीत, पुढची लस कधी आहे, मागचे बूट लहान झालेत, हे सगळं डोक्यात ठेवायचं काम कुठल्याच बोर्डवर दिसत नाही. आणि वर ते लाडकं वाक्य, "तू फक्त सांग, मी करतो." अरे, सांगणं हेच तर काम आहे! हापिसात त्यालाच मॅनेजर म्हणतात आणि पगारही जास्त देतात.

"आता काळ बदललाय" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडे आकडे. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची सरकारने देशभर पाहणी केली. २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. तेही जे करतात ते पुरुष, म्हणजे चारातला साधारण एक! २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं झाली २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत आमची १० मिनिटं वाचली, तर यांनीही ९ वाचवून घेतली. काळ बदलला म्हणतात तो हा.

कागदावर मात्र आमचा मान वाढलाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव. पिल्लाच्या दाखल्यावर माझं नाव बघून मला खरंच भरून आलं होतं. २०१७ च्या कायद्यातल्या बदलामुळे मला २६ आठवड्यांची पगारी रजाही मिळाली. नवऱ्याला मिळाले पाच दिवस, कारण खाजगी नोकरीतल्या बापाला रजा द्यायची सक्ती कायद्यात नव्हतीच. मग सहा महिन्यांत बाळाची खडान्‌खडा माहिती कोणाला झाली? मला. आणि "मला काय कळतंय त्यातलं" हे म्हणायची सोय कोणाला झाली? सांगायला नकोच.

पण आता माझी बाजूही सांगते, नाहीतर नवरा वाचून म्हणेल एकतर्फी आहे. त्याने भरवलं की मी म्हणते, "असं नाही भरवत." त्याने कपडे घातले की मी ते बदलते. एखाद्याचं प्रत्येक काम रिव्ह्यूमध्ये नापास करायचं आणि मग हा कामच करत नाही म्हणून ओरडायचं, हे हापिसात केलं असतं तर माझीच तक्रार गेली असती. मला मान हवा असेल, तर त्याची करायची पद्धत वेगळी असू शकते हेही मी मानायला हवं.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढेच आहे. माझी रजा संपली तशा सासूबाई साताऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. दिवसभर पिल्लू त्यांच्याकडे असतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणींनी अष्टविनायकाला जायचं ठरवलं. जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "मी गेले तर चालेल का गं?" आणि आम्ही दोघं एका सुरात, "मग पिल्लाचं काय?" झालं. त्या गेल्या नाहीत. विषय परत काढलाही नाही.

लोकांना मी काय सांगते? "आईंची खूप मदत होते." म्हणजे बघा, तोच शब्द! नवऱ्याच्या अर्ध्या तासाला लावला की अर्धा तास मोठा होतो, आणि सासूबाईंच्या दहा तासांना लावला की दहा तास लहान होतात. घरी राबणाऱ्या बाईच्या कामाला पैशातही मोल आहे, हे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पण कशात? तर अपघातात गेलेल्या जोडप्याच्या भरपाईच्या खटल्यात. मोल कळायला माणूस जायलाच हवं का?

तर आमच्याकडे या आठवड्यापासून ‘मदत’ हा शब्द बंद. डॉक्टर, लसी, औषधं आणि ती फाईल नवऱ्याच्या नावावर, लक्षात ठेवण्यासकट. मी आठवण करणार नाही. (जीभ चावावी लागतेय, पण जमेल.) कपडे आणि खाणंपिणं माझं, पण तो भरवत असताना मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही. आणि सासूबाईंच्या मैत्रिणींना मीच फोन केला. पुढच्या महिन्यात परत जाताहेत. आम्ही दोघांनी दोन-दोन दिवस रजा टाकलीये. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, पण तुमचं काय?" मी म्हटलं, "आई, पोर आमचं आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी बघते तर माळ्यावरची बॅग काढून पुसत बसल्या होत्या.

असो. लिफ्टचं दार वाजलं, पिल्लू आलं वाटतं. बुटात माती असणार. कोण झाडणार, ते बघू :)