विश्लेषण : अर्जापूरचे स्मारक कोणत्या पानसरेंचे?

गोविंद पानसरे हे नाव मोबाइलवर शोधले, की आधी कोल्हापूरच्या कॉम्रेड पानसरेंची माहिती येते. फेब्रुवारी २०१५मध्ये त्यांची हत्या झाली. बिलोली तालुक्यातील अर्जापूरचे स्मारक मात्र त्यांच्या ६८ वर्षे आधी, १९४६मध्ये मारल्या गेलेल्या गोविंदराव पानसरेंचे आहे.

हे पानसरे कोण?

बिलोली परिसरात आर्य समाज आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसचे काम करणारे तरुण कार्यकर्ते. ऑक्टोबर १९४६मध्ये अर्जापूरजवळ निजाम राजवटीच्या समर्थकांनी त्यांना वाटेत गाठून ठार केले.

तेव्हा परिस्थिती काय होती?

१९३८मध्ये स्थापनेच्या वेळीच स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ती उठली १९४६च्या जुलैमध्ये. त्यानंतर कार्यकर्ते गावोगाव उघडपणे सभा घेऊ लागले आणि संस्थानच्या समर्थकांना ते खुपू लागले. बंदी उठल्यानंतर काही महिन्यांतच पानसरेंचा बळी गेला.

'पहिले हुतात्मे' म्हणणे बरोबर का?

मुक्तिसंग्रामातील पहिले हुतात्मे असा त्यांचा उल्लेख होतो. पण गुंजोटीचे वेदप्रकाश यांचे बलिदान त्याच्या कितीतरी आधीचे, आर्य समाजाच्या चळवळीतले. बंदी उठल्यानंतरच्या स्टेट काँग्रेसच्या लढ्यापुरता तो मान पानसरेंकडे जातो. दोघांत स्पर्धा लावण्याचे कारण नाही.

जगात अशी स्मारके आहेत?

दक्षिण आफ्रिकेतील ग्राफ-रिनेटजवळ रस्त्याकडेला गिडिऑन स्किपर्सचे स्मारक आहे. ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या या बोअर तुकडीप्रमुखाला जानेवारी १९०२मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. वय २३. त्याचा मृतदेह कुठे पुरला, हे आजवर कळलेले नाही. स्किपर्स सशस्त्र होता आणि त्याच्यावर लष्करी खटला चालला. पानसरेंच्या वाट्याला कोर्टही आले नाही. दोन्हीकडे स्मारक मात्र लोकांनी तरुणाला विसरू नये म्हणूनच.

आज मुद्दा काय?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन येतो आणि भाषणांत हा इतिहास हिंदू-मुस्लीम अशा दोनच रंगांत रंगवला जातो. पण 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीनीकरणाची बाजू मांडली म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत त्यांचीही हत्या झाली. लढा राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता.

अर्जापूरला पानसरेंच्या नावाचे महाविद्यालय आहे. तो काळ पाहिलेली पिढी आता जवळपास संपली आहे. त्यामुळे नावामागचा माणूस कोण होता, हे सांगण्याची जबाबदारी आता तिथे शिकणाऱ्यांवर आणि शिकवणाऱ्यांवर आहे. वर्षातून एकदा हार घालून ती पूर्ण होत नाही.