गाडी मोजावी कशाने?

ऑगस्ट २०११ च्या अखेरीस कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, सेंट थॉमस शहरानजीकच्या फोर्ड कंपनीच्या कारखान्यातून ‘लिंकन टाउन कार’ या मोटारीचा अखेरचा नग बाहेर पडला आणि पुढच्याच महिन्यात त्या कारखान्याला टाळे लागले. एखाद्या मोटारीचे उत्पादन थांबणे ही एरवी व्यापारी वार्तांच्या पानावर दोन ओळींत मावणारी घटना. परंतु या गाडीबरोबर अमेरिकेतील मोटारींची एक अख्खी जात संपली. पोलादी चौकटीवर बसवलेले शरीर, पुढे आठ सिलिंडरांचे इंजिन, गती मागच्या चाकांना, लांबी सुमारे साडेपाच मीटर आणि आत सहा माणसांची सोय, अशी ही जात होती. तिच्याविषयी दोन मते ठामपणे मांडली जातात. एका मते ती उधळपट्टीचे चाकांवरचे स्मारक होती. दुसऱ्या मते ती अमेरिकेच्या सुवर्णकाळाची शेवटची खूण होती. दोन्ही मते सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. गाडीचे मूल्यमापन करायचे तर ती कशासाठी होती, कोणाच्या उपयोगी पडली आणि तिचा खर्च कोणी सोसला, हे आधी पाहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत मोटारीची लांबी आणि मालकाची प्रतिष्ठा यांचे गणित सरळ होते. १९५९ च्या कॅडिलॅकला मागे माशाच्या पंखांसारखे उंच पत्रे होते. त्यांचा चालण्याशी काडीचाही संबंध नव्हता. शेजाऱ्यांनी पाहावे एवढाच त्यांचा उपयोग. या वैभवाची झळाळी मुंबईपर्यंत पोचली होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला काढलेला जुळणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. तरी त्यानंतरही कित्येक वर्षे ‘इंपाला’ हा शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात श्रीमंतीचा प्रतिशब्द म्हणून वावरत राहिला. ज्याने ती गाडी लांबूनच पाहिली, त्यालाही तिचा अर्थ ठाऊक होता.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि हे गणित विसकटले. काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. जनरल मोटर्सने १९७७ मध्ये आपल्या मोठ्या गाड्या आखडल्या. फोर्डने थोडा उशीर केला. त्या सुमाराची लिंकन कॉन्टिनेन्टल ५.९ मीटर लांब होती आणि तिला साडेसात लिटरचे इंजिन होते. पुढे १९७९ मध्ये फोर्डने मोठ्या गाड्यांसाठी नवी, आटोपशीर चौकट काढली. १९८० ची कॉन्टिनेन्टल तीवर आली आणि १९८१ पासून टाउन कार हे स्वतंत्र नाव रूढ झाले. म्हणजे आज जी गाडी अजस्र म्हणून हिणवली जाते, ती मुळात काटकसरीच्या सक्तीतून जन्माला आली होती.

चौकटीचे गुण

या गाडीचा कणा म्हणजे तिची चौकट. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याचे शरीर हेच चौकटीचे काम करते. त्यामुळे वजन वाचते आणि आत जागा अधिक मिळते. टाउन कारची रचना जुन्या पद्धतीची, मालट्रकसारखी होती. खाली जाड पोलादी चौकट आणि तिच्यावर रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले शरीर. रस्त्याचे हादरे आणि आवाज या दोहोंच्या मधेच बरेचसे जिरत. मागच्या बाजूला हवेच्या स्प्रिंगा असल्यामुळे डिकीत सामान भरले तरी गाडी मागे दबत नसे. डिकीही सुमारे सहाशे लिटरची. चार प्रवाशांच्या मोठ्या बॅगा तीत सहज मावत.

१९९१ पासून या गाडीत ४.६ लिटरचे नवे इंजिन आले. त्याच्याकडून काम अवाच्या सवा करून घेतले जात नसल्यामुळे ते टिकाऊ ठरले. याच चौकटीवर क्राउन व्हिक्टोरिया ही पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी होत असे; सुट्या भागांत सारखेपणा पुष्कळ, आणि त्यामुळे ते मुबलक आणि स्वस्त. गल्लीतला मिस्त्रीही ती उघडून दुरुस्त करू शके. भाड्याच्या धंद्यात दोन-तीन लाख मैल चाललेल्या गाड्या नवलाच्या नव्हत्या. जी वस्तू दुरुस्त होते ती टिकते, आणि जी टिकते तिच्या निर्मितीत गेलेले पोलाद, वीज व श्रम अधिक वर्षांवर विभागले जातात. इंधनाच्या हिशेबात ही बाब बहुधा लिहिलीच जात नाही.

गंमत अशी की, जी गाडी मालकाच्या ऐटीसाठी काढली गेली, ती अखेर चालकाच्या रोजीरोटीची गाडी झाली. न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत विमानतळांवर ताटकळणारी काळी टाउन कार ही अमेरिकन शहरांची ओळख बनली. तिची लांबी आणखी वाढवून लग्नाच्या गाड्या झाल्या, अंत्ययात्रेच्या झाल्या. स्थलांतरित ड्रायव्हरांच्या कैक कुटुंबांचा संसार तिने चालवला. श्रीमंताच्या दारात ती फिरत होती दिवसातून तासभर. भाड्याने घेतल्यावर ती सोळा तास राबू लागली. कोणत्याही यंत्राला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही.

दोषांची बाजू

तथापि गुणगान करताना दोष झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शेवटच्या वर्षीच्या टाउन कारची सरकारी नोंद शहरात गॅलनमागे १६ मैल आणि महामार्गावर २४ मैल अशी होती. म्हणजे शहरात लिटरला ७ किलोमीटरही नाहीत. साडेपाच मीटरांतला मोठा हिस्सा बॉनेट आणि डिकी यांनी खाल्लेला. लांबीच्या मानाने माणसाच्या वाट्याला येणारी जागा कमीच. सव्वातीन मीटरांची मारुती ८०० चार माणसांना नेत असे, हे ध्यानात घेतले की हा अपव्यय डोळ्यांत भरतो. वळणावर गाडी झुकत असे आणि सुकाणूवरून रस्त्याची जाणीव चालकाच्या हातापर्यंत क्वचितच पोचे.

सर्वांत गंभीर दोष होता पेट्रोलच्या टाकीचा. ती मागच्या आसाच्या मागे होती. रस्त्याकडेला थांबलेल्या पोलिसांच्या क्राउन व्हिक्टोरियांना मागून वेगाने धडक बसून आगी लागल्या आणि त्यांत अधिकाऱ्यांचे प्राण गेले. २००२ मध्ये फोर्डने पोलिसांच्या गाड्यांना संरक्षक कवच बसवून देण्याचे मान्य केले. जुनी रचना टिकाऊ असते हे जितके खरे, तितकेच तिच्यातले जुने धोकेही टिकून राहतात हे खरे. शिवाय नुसत्या पेट्रोलचा दाम मालक देतो. धुराचा दाम त्या रस्त्याने पायी जाणारा देतो. म्हणून सरकारने या क्षेत्रात हस्तक्षेप केला यात गैर काहीच नव्हते. हस्तक्षेप कोणत्या मापाने झाला, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

कायद्याची मोजपट्टी

१९७५ च्या डिसेंबरात अमेरिकेने इंधनबचतीचा कायदा केला. प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या मोटारींची सरासरी काढायची आणि ती १९८५ पर्यंत गॅलनमागे २७.५ मैलांवर न्यायची, असा तो दंडक. त्याचा गुण आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा वर्षांत नव्या मोटारींची सरासरी जवळजवळ दुप्पट झाली. परंतु शेतकरी आणि कारागीर वापरतात अशा हलक्या मालवाहू गाड्यांसाठी निराळे, सौम्य माप ठेवण्यात आले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अवघे २०.७ मैल होते. फार इंधन पिणाऱ्या मोटारींवर १९८० पासून जो खास कर बसला, त्यातूनही या गाड्या वगळल्या गेल्या.

फट सापडली की पाणी तिकडे वळते. फोर्डने १९९० च्या दशकाच्या आरंभी क्राउन व्हिक्टोरियात परदेशी भागांचे प्रमाण इतके वाढवले की कायद्याच्या भाषेत ती आयात गाडी ठरली. मग तिची खादाड सरासरी आयात केलेल्या छोट्या गाड्यांच्या सरासरीत मिसळून गेली. गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोल तेवढेच. बदलला तो फक्त वहीतला रकाना. जनरल मोटर्सने तर १९९६ च्या अखेरीस आपल्या मोठ्या सेडान बंदच केल्या. टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या ज्या कारखान्यात कॅडिलॅक फ्लीटवुड तयार होत असे, तेथे उंच, मालवाहू जातीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९९७ मध्ये लिंकननेही ‘नॅव्हिगेटर’ आणली. टाउन कारचे वजन दोन टनांच्या आत होते. नॅव्हिगेटरचे अडीच टनांच्या आसपास गेले आणि ती इंधनही अधिक पीत असे. कायद्याच्या लेखी मात्र पहिली मोटार होती आणि दुसरी मालवाहू गाडी.

ग्राहकांनाच उंच गाडी हवी होती, असे यावर सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. उंच बसल्याने दूरवर दिसते, लहान मुलांना चढवणे-उतरवणे सोपे जाते. टाउन कारचा खासगी ग्राहकही वयाने वाढत चालला होता. पण मागणी कधी पोकळीत जन्मत नाही. ज्या गाडीत नफा अधिक आणि नियमांचा जाच कमी, तिच्यावर कंपन्यांनी पैसा ओतला, तिचीच जाहिरात केली. टाउन कारची १९९८ नंतर नवी पिढी आलीच नाही. ज्या रोपाला पाणी घालायचे नाही, ते सुकले म्हणून त्याला नावे ठेवण्याचाच हा प्रकार झाला.

परिणाम सर्वांसमोर आहे. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतील जवळजवळ सर्व सेडान बंद करण्याचे जाहीर केले; २०२० मध्ये लिंकनची शेवटची सेडानही तेथून गेली. रस्त्यांवर उभट तोंडाच्या उंच गाड्यांचे राज्य आले. अमेरिकेतील विमा कंपन्यांनी चालवलेल्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा : ज्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच आहे त्या गाड्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा जीव जाण्याचा संभव, बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो. पुढे २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने इंधनबचतीचा नियम मोडणाऱ्या कंपन्यांचा दंडच शून्यावर आणला. आधी वाकडी मोजपट्टी हाती घेतली, आणि ती वाकडी आहे हे उमगल्यावर सरळ करण्याऐवजी बाजूला ठेवली.

अन्यत्र लागू पडणारा धडा

हा प्रकार अमेरिकेपुरता नाही. भारतात २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांहून आखूड आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. हेतू चांगला होता. पण २००८ मध्ये पुण्यात कारखाना असलेल्या टाटा मोटर्सने इंडिगोचे शेपूट छाटून ती चार मीटरांत बसवली, आणि मग इतरांनीही तोच कित्ता गिरवला. गाडीचा आकार रस्त्याने वा कुटुंबाच्या गरजेने ठरवला नाही. तो कर खात्याच्या फुटपट्टीने ठरवला. शिक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. परीक्षेत जेवढे विचारले जाते तेवढेच विद्यार्थी वाचतो. गुण हस्ताक्षराला असतील तर हस्ताक्षर सुधारते, विचार सुधारतोच असे नाही. मोजमाप हे तटस्थ नसते. ते ज्या गोष्टीकडे पाहते ती वाढवते आणि ज्या गोष्टीकडे डोळेझाक करते तिला मोकळे रान देते.

मग या गाडीचा निवाडा काय करावा? एकट्या माणसाने कचेरीत जाण्यायेण्यासाठी दोन टन पोलाद हलवावे, हा टाउन कारचा उपयोग त्या काळीही असमर्थनीय होता. पण चार प्रवासी आणि त्यांचे सामान घेऊन दिवसभर धावणारी, मोडली तर जुळणारी, चालकाचे घर चालवणारी गाडी म्हणून तिने आपले काम चोख केले. तिला उत्तम इंजिन, सुरक्षित जागी टाकी आणि हलके शरीर देऊन तिची पुढची पिढी घडवता आली असती. ते झाले नाही, आणि तिच्या जागी जे आले ते अधिक जड, अधिक उंच आणि पादचाऱ्याला अधिक घातक ठरले. टाउन कार गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. एका अपव्ययाला निरोप देताना त्याहून मोठ्या अपव्ययाचे स्वागत झाले, आणि तेही सुधारणेच्या नावाने, याचे वैषम्य मात्र जरूर वाटावे.