ओट्यावरचा दिवा सेन्सरच्या हवाली नको

शाहूपुरीतल्या जुन्या गल्ल्यांत घराला घर लागून आहे. अशा अनेक घरांतलं मागचं स्वयंपाकघर भरदुपारीही अंधारं असतं. माणूस आत आला की आपोआप लागणारा दिवा तिथे सोयीचाच. पण त्याचा सेन्सर थेट ओट्यावर, शेगडीच्या तोंडाशी बसवला की घोळ होतो.

स्वस्तातला पीआयआर सेन्सर माणूस ओळखत नाही. अंगाची उष्णता त्याच्यासमोरून सरकली, एवढंच त्याला कळतं. सरळ अंगावर चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं माणूस त्याला लवकर दिसतं. तांबड्या रश्श्याच्या फोडणीवर नजर ठेवून कुणी एका जागी उभं राहिलं, तर त्याच्या लेखी स्वयंपाकघर रिकामं! कढईत तेल तापलेलं आणि दिवा गुल. उलट शेगडीची धग किंवा गरम वाफ समोर आली, तर कुणी नसतानाही दिवा लागू शकतो.

म्हणून सेन्सर दाराजवळच्या बाजूच्या भिंतीवर, आत येणारा समोरून आडवा जाईल असा लावावा. शेगडी आणि उन्हाची खिडकी त्याच्या टप्प्याबाहेर हवी. ओट्यावरच्या दिव्याला मात्र साधं बटणच ठेवावं.

बिलाचं म्हणाल, तर ९ वॅटचा एलईडी रोज २ तास विनाकारण जळला, तरी महिन्याला जेमतेम अर्धा युनिट. तेवढ्यासाठी हा खर्च करू नये. खरा फायदा रात्री पाणी प्यायला उठणाऱ्या आजींचा. त्यांच्यासाठी दाराजवळचा एक मंद दिवा सेन्सरवर टाकला तरी पुरे.